गटात शिरलेले यंत्र

गावाला पार असतो. ज्याचे काम उरकले तो येऊन टेकतो. कोणी पावसाचे बोलतो, कोणी हळदीच्या भावाचे, कोणी पोरीच्या सोयरिकीचे. पारावर कोण कोण बसले आहे, हे सगळ्यांना दिसते. अनोळखी माणूस आला की कोणीतरी विचारतेच, "पाव्हणं, कुठलं गाव?"

हल्ली दुसरा एक पार झाला आहे. तो मोबाइलात आहे. त्याला कोणी ग्रुप म्हणतात, कोणी गट म्हणतात. भावकीचा गट, बचत गटाचा गट, द्राक्ष बागायतदारांचा गट, शाळेतल्या पोरांच्या पालकांचा गट. व्हॉट्सअॅपच्या एका गटात हजारावर माणसे बसू शकतात. एवढा मोठा पार कुठल्या गावाला आहे? पण ह्या पारावर एक उणे आहे. तोंडे दिसत नाहीत. त्यामुळे कधी कधी तिथे असा पाहुणा येऊन बसतो, की जो माणूसच नसतो. ते यंत्र असते. त्याला बॉट म्हणतात. हा बॉट कोण, तो येतो कसा, आणि त्याला बाहेर कसे काढावे, हे आज आपण पाहू.

बॉट म्हणजे काय?

बॉट हा रोबॉट ह्या शब्दाचा तुकडा आहे. रोबॉट हा शब्द युरोपातल्या चेक भाषेतून आला. कारेल चापेक नावाच्या लेखकाने १९२० साली एक नाटक लिहिले. त्या नाटकात कारखान्यात तयार केलेले कामकरी आहेत. त्यांना त्याने रोबॉट हे नाव दिले. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठ. वेठबिगार आपल्याला ठाऊक आहे. वेठीच्या माणसाला मजुरी नाही, सुट्टी नाही, उलटून बोलायची सोय नाही. बॉट हा तसलाच वेठीचा गडी. मात्र त्याला हाडमांस नाही. तो म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या हुकमांचा गठ्ठा. 'अमुक वेळी अमुक मजकूर पाठव, कोणी असे बोलला तर तसे उत्तर दे,' असे ते हुकूम असतात. एकदा चावी दिली की तो रात्रंदिवस चालतो.

सगळेच बॉट वाईट असतात काय? नाही. सुरीने भाजी चिरतात आणि बोटही कापते. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा केंद्र सरकारने व्हॉट्सअॅपवर माहिती देणारा बॉट चालू केला होता. शेतकऱ्यांच्या सन्मान निधीबद्दल विचारणा करता यावी म्हणून २०२३ साली 'किसान ई-मित्र' नावाचा बॉट सुरू झाला. हे बॉट आपण होऊन दारात येत नाहीत. आपण विचारले तर उत्तर देतात, आणि 'मी यंत्र आहे' हे लपवत नाहीत. वाईट बॉट न बोलावता येतो, आणि माणसाचे सोंग घेऊन येतो.

यंत्र बोलते आणि माणूस फसतो, ही गोष्ट आजची नाही. अमेरिकेत योसेफ वायझेनबाम नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांनी १९६६ साली 'एलायझा' नावाचा बोलणारा कार्यक्रम संगणकावर तयार केला. त्याला अक्कल काही नव्हती. तुम्ही लिहिले 'मला वाईट वाटते,' की तो उलट विचारी, 'तुम्हाला वाईट का वाटते?' आपलेच शब्द फिरवून आपल्याला परत द्यायचे, एवढीच करामत. पण प्राध्यापकांच्या चिटणीस बाई त्याच्याशी बोलू लागल्या आणि म्हणाल्या, 'तुम्ही जरा बाहेर जा, मला खासगी बोलायचे आहे.' बाई अडाणी नव्हत्या. तो कार्यक्रम तयार होताना त्यांनी पाहिला होता. तेव्हा यंत्राला माणूस समजणे हे केवळ खेड्यातल्या माणसाकडून घडते, असे कोणी समजू नये.

स्पॅम म्हणजे काय?

न मागता, पुन्हा पुन्हा, हजारोंच्या गळी मारलेल्या मजकुराला स्पॅम म्हणतात. ह्या नावाची गंमत आहे. अमेरिकेत १९३७ पासून ह्या नावाचे डबाबंद मांस विकले जाते. १९७० साली इंग्लंडच्या दूरदर्शनवर एक नकल दाखवली. एका खाणावळीत जो पदार्थ मागावा त्यात स्पॅम आहेच! आणि कोपऱ्यात बसलेली मंडळी 'स्पॅम, स्पॅम' असे इतक्या मोठ्याने गाऊ लागतात, की बाकीच्यांचे बोलणे ऐकू येत नाही. पुढे संगणकावर गप्पा मारणाऱ्या लोकांना असाच गोंगाट करणारे भेटू लागले. तेच नाव त्यांना चिकटले.

असा पहिला मजकूर १९७८ सालच्या मे महिन्यात अमेरिकेत गेला. संगणक विकणाऱ्या एका कंपनीच्या माणसाने सुमारे चारशे जणांना एकदम जाहिरात धाडली. लोक चिडले. पण चिडून उपयोग काय? वाट सापडली होती.

ह्यात त्यांना काय मिळते?

आमच्या ओळखीची माणसे विचारतात, "गुरुजी, असल्या मेसेजला कोण भुलतंय? मग हे पाठवत्यात तरी कशाला?" ह्याचे उत्तर गणितात आहे. ते करून पाहू.

समजा, एका भामट्याने बॉटकडून एक लाख लोकांना मजकूर पाठवला. दहा हजारांत एकच माणूस फसला. म्हणजे एक लाखात दहा माणसे फसली. प्रत्येकाचे पाच हजार रुपये गेले. दहा गुणिले पाच हजार, म्हणजे पन्नास हजार रुपये झाले. आणि खर्च किती? जवळजवळ काही नाही. पूर्वी दवंडी पिटायची तर माणूस लागे, डफ लागे, पाय दुखत. शिवाय दवंडीवाला गावाच्या ओळखीचा असे. त्याने खोटी दवंडी पिटली तर दुसऱ्या दिवशी त्याला जाब विचारता येई. बॉटला पाय नाहीत, पोट नाही आणि घरही नाही. म्हणून नव्याण्णव हजार नऊशे नव्वद लोकांनी हसून सोडून दिले तरी त्याचा धंदा चालतो. त्याला फक्त ते दहाच हवे असतात. ते दहा आपण होऊ नये, एवढेच आपले काम.

हा गाजरगवतासारखा प्रकार आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात हे गवत पहिल्यांदा लोकांच्या नजरेस आले. आज ते कुठल्या बांधावर नाही? एकेका झाडाला हजारो बिया. म्हणून शेतकी खाते सांगते, फुलावर येण्याआधी उपटा. स्पॅमचेही तसेच आहे. दिसल्याबरोबर काढावे. उद्यावर ठेवले की पसरते.

तो गटात शिरतो कसा?

तीन वाटा आहेत. पहिली वाट उघड्या दाराची. गटात येण्यासाठी एक दुवा असतो. त्याला लिंक म्हणतात. ती लिंक कोणी चव्हाट्यावर टाकली, तर जो दाबेल तो आत येतो. दुसरी वाट म्हणजे कोणी अनोळखी माणूस आपला नंबर कुठून तरी मिळवतो आणि आपल्याला न विचारता आपल्यालाच त्याच्या गटात ओढतो. तिसरी वाट सगळ्यांत वाईट. ती म्हणजे घरचाच फोन फितूर होतो. ही वाट नीट समजून घ्या.

सन्मान निधीचे वर्षाला सहा हजार रुपये मिळतात. दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. ही योजना २०१९ साली सुरू झाली. त्यासाठी ओळख पटवावी लागते, हेही खरे. ह्याचाच फायदा भामटे घेतात. गटात एक फाइल येते. नाव असते पीएम किसान, आणि शेवटी 'एपीके' अशी इंग्रजी अक्षरे असतात. खाली लिहिलेले असते, 'आजच भरा, नाहीतर हप्ता बंद.' कधी गाडीच्या दंडाचे नाव असते, कधी बँकेचे, कधी लग्नपत्रिकेचे. नाव बदलते, शेपूट तेच. एपीके म्हणजे कागद नव्हे, चित्र नव्हे. ते फोनमध्ये बसवायचे यंत्र आहे. ते उघडून बसवले, आणि ते जे जे मागेल त्याला 'हो' म्हटले, की ते आपले मेसेज वाचू लागते. बँकेचा ओटीपी आपल्याआधी भामट्याला कळतो. खाते रिकामे होते. आणि मग तीच फाइल आपल्या नावाने, आपल्या फोटोसह, आपल्या सगळ्या गटांत जाते. भावकीतले लोक म्हणतात, 'तात्यांनी पाठवलंय, म्हणजे खरंच असणार.' तात्या तर शेतात पाणी पाजत असतात. त्यांना पत्ताच नाही. अशा रीतीने तात्यांचा फोनच बॉट झाला!

म्हणून हे पाठच करा. सरकार गटात फाइल टाकून हप्ता देत नाही. हप्ता थेट खात्यात येतो. ओळख पटवायची असेल तर गावातल्या सेवा केंद्रात जावे, किंवा तलाठी, कृषी सहायक ह्यांना विचारावे.

जत्रेतला डाव

आणखी एक सोंग आहे. आपल्याला एका अनोळखी गटात घेतात. तिथे शेअर बाजाराच्या गोष्टी चालतात. एक 'साहेब' सल्ला देतात. मग एकामागून एक मजकूर येतात. 'साहेब, मला चाळीस हजार सुटले.' 'माझ्या मुलीची फी भरली, उपकार झाले.' दोनशे माणसे, सगळी खूष.

जत्रेत तीन पत्त्यांचा डाव मांडणारा आपण पाहिला आहे. भोवती चार माणसे उभी असतात. एकजण डाव लावतो आणि जिंकतो. दुसरा जिंकतो. आपल्याला वाटते, आपणही लावावा. लावला की आपण हरतो. ते चार जण त्याचेच साथीदार असतात. मोबाइलातल्या ह्या डावात चार साथीदारांच्या जागी दोनशे असतात, आणि त्यांतले कित्येक माणसेही नसतात. सगळा गटच खोटा. त्यात खरे गिऱ्हाईक एकटे आपण.

सांगलीच्या मार्केट यार्डात आपण हळद घालतो, तेव्हा अडत्याचे दुकान पाहिलेले असते. बागेतली द्राक्षे दलालाला देण्याआधी चार जणांकडे चौकशी करतो. तरीही कधी फटका बसतो. मग ज्याचे तोंड पाहिले नाही, दुकान पाहिले नाही, त्याच्या हाती पैसे का द्यावेत?

ओळखावे कसे?

पूर्वी ओळखणे सोपे होते. पारावर विचारतो तसे विचारायचे, 'पाव्हणं, कुठलं गाव?' बॉट एक तर गप्प राही, नाहीतर तेच पालुपद पुन्हा लावी. भाषाही मोडकी असे. आजही पुष्कळ बॉट असेच आहेत. पण २०२२ च्या अखेरीपासून माणसासारखे लिहिणारी नवी यंत्रे सर्वांच्या हाती आली आहेत. ती शुद्ध मराठीत उत्तर देतात. आवाजाचीही नक्कल करतात. तेव्हा केवळ भाषेवरून निकाल देऊ नका.

आमचे सांगणे असे. समोर माणूस आहे की यंत्र आहे, ह्याचा फार विचार करू नका. तो मागतो काय, ते पाहा. चार मागण्या धोक्याच्या. एक, ओटीपी सांगा. दोन, आधी थोडे पैसे भरा. तीन, ही फाइल किंवा लिंक उघडा. चार, आत्ताच करा, कोणाला सांगू नका. ह्यांतली एक मागणी जरी आली तरी हात आखडावा. मग समोर यंत्र असो, माणूस असो, की आपल्या सख्ख्या मेहुण्याचा फोटो असो. मेहुण्याने पैसे मागितले तर त्याच्या नेहमीच्या नंबरवर आपण स्वतः फोन करावा आणि घरातल्यांनाच ठाऊक असेल असे काही विचारावे.

मग करावे काय?

त्याच्याशी भांडू नका. शिव्या देऊ नका. यंत्राला शिवी लागत नाही. उलट, उत्तर दिले की ह्या नंबरवर जिवंत माणूस आहे, हे भामट्याला कळते. मजकूर दाबून धरला की 'रिपोर्ट' हा पर्याय सापडतो. रिपोर्ट म्हणजे तक्रार. ती करावी. मग 'ब्लॉक' करावे. ब्लॉक म्हणजे त्याला दार बंद.

आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी ह्या भागात ग्रुप असे लिहिलेले असते. तिथे 'माझे कॉन्टॅक्ट' हे निवडावे. म्हणजे ज्यांचा नंबर आपण जपून ठेवला आहे, तेच आपल्याला गटात घेऊ शकतील. तसेच सहा आकडी पिन लावण्याची सोय आहे. तिला टू-स्टेप व्हेरिफिकेशन म्हणतात. ती चालू करावी. कडीला वरून कुलूप लावण्यासारखे हे आहे. हे स्वतःला जमले नाही तर घरातल्या शिकत्या पोरीकडून करून घ्यावे. तिलाही शिकवल्याचा आनंद होईल.

गटाचा जो प्रमुख, म्हणजे अॅडमिन, त्याच्यावर जास्त जबाबदारी आहे. नुसते 'शुभ सकाळ' म्हणायला प्रमुख होत नाहीत. त्याने गटाची लिंक चव्हाट्यावर टाकू नये. टाकली गेली असेल तर ती रद्द करून नवी करावी. नवा माणूस प्रमुखाच्या मंजुरीनेच आत येईल, अशी व्यवस्था गटाच्या सेटिंगमध्ये आहे. ती लावावी. वाईट मजकूर आला तर प्रमुखाला तो सगळ्यांच्या फोनवरून पुसता येतो. तो पुसावा, पाठवणाऱ्याला बाहेर काढावे, आणि गटात एक ओळ लिहावी, 'वरची फाइल कोणी उघडू नका.' पण पाठवणारा आपल्यातलाच असेल तर आधी त्याला फोन करून सावध करावे. त्या बिचाऱ्याचे घर जळत असते आणि त्याला धूर दिसत नसतो.

फसलो तर?

फोनमध्ये असली फाइल बसली असे वाटले तर आधी इंटरनेट बंद करा. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा आणि खाते थांबवायला सांगा. मग लगेच १९३० ह्या नंबरवर फोन करा. पैशाच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी सरकारने हा नंबर ठेवला आहे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतो. लवकर कळवले तर तो मधेच अडवता येण्याची आशा असते. म्हणून सकाळी बघू, असे म्हणू नका. त्यानंतर पोलीस ठाण्यात जा. फोन जाणकाराकडून पुसून नव्यासारखा करून घ्या. पैसे गेले नाहीत, पण संशयाचा मजकूर आला, तर सरकारच्या 'संचार साथी' ह्यावर 'चक्षू' नावाची सोय २०२४ पासून आहे. तिथे कळवावे.

आणि लाजू नका. हे आम्ही मुद्दाम सांगतो. पुष्कळ माणसे पैसे गेल्यावर गप्प बसतात. 'लोक काय म्हणतील? म्हाताऱ्याला वाचाय आलं आणि हे करून बसला.' अशा भीतीने ती बोलत नाहीत. चोरी झाली तर लाज चोराला वाटावी, घरधन्याला नव्हे. आमच्या विश्रामबागेत १९१९ पासून विलिंग्डन कॉलेज आहे, १९४७ पासून इंजिनिअरिंगचे कॉलेज आहे. शिकल्यासवरल्यांची वस्ती. पण भामटा पदवी पाहून येत नाही. तुम्ही गप्प बसलात तर तीच फाइल उद्या शेजाऱ्याचे घर गाठते.

आपणच बॉट होऊ नये

शेवटी एक गोष्ट. बॉट काय करतो? आलेला मजकूर विचार न करता पुढे ढकलतो. आपणही तेच केले तर आपल्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला?

२०१८ साली मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलावरून गावोगाव फिरली. ती पुढे ढकलणारी बोटे माणसांचीच होती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने मारून टाकले. ती माणसे निरपराध होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असे बंधन घालायचे ठरवले. २०२० पासून फार वेळा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अशा मजकुरावर दोन बाणांची खूण असते. ती खूण दिसली की समजावे, हा मजकूर पुष्कळ हातांतून आला आहे आणि त्याचा धनी कोण, हे कोणालाच ठाऊक नाही.

तुम्ही मोठेपणी अक्षरे शिकलात. दिवसभर राबून रात्री वर्गाला बसलात. अक्षराबद्दल तुमच्या मनात मान आहे. लिहिलेले ते खरे, असे आपल्याला वाटते. भामट्याला नेमके हेच हवे असते. म्हणून वाचल्यावर जरा थांबा. हे कोणी लिहिले? का लिहिले? माझ्याकडून काय मागतो आहे? एवढे तीन प्रश्न मनाशी विचारा. उत्तर मिळाले नाही तर फोन खाली ठेवा आणि पारावर जाऊन चार माणसांना विचारा.